ताणामुळे सारखा थकवा येतो, झोपूनही फ्रेश वाटत नाही, कुठली औषधी वनस्पती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की कामाचं टेन्शन खूप आहे, सात-आठ तास अंथरुणात पडूनसुद्धा सकाळी उठवत नाही आणि दुपारनंतर डोकंच चालत नाही. मी डॉक्टर नाही, पण जवळजवळ वर्षभर मी याच अवस्थेत होते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शरीर दमलेलं पण डोकं काही थांबत नाही, रात्री पडलं की विचार सुरू, पहाटे तीनला जाग, असं होत असेल तर अश्वगंधा. बरेच जण ती ताकदीचं औषध म्हणून घेतात आणि चार दिवसांत काही वाटलं नाही की सोडून देतात, पण ती कॉफीसारखी तरतरी देत नाही, उलट शांत करते, तिच्या शास्त्रीय नावातल्या सोम्निफेराचा अर्थच मुळी झोप आणणारी. म्हणजे आधी झोप सुधारते आणि मग त्यातून एनर्जी येते. अभ्यासांमध्ये साधारण मुळाचा अर्क ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ८ आठवडे असं देऊन बघितलंय, त्यात ताण आणि कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) कमी झालेलं दिसलं, पण हे अभ्यास बहुतेक लहान आहेत हेही लक्षात घ्या. मला पहिले दहा-बारा दिवस काहीच जाणवलं नाही, तिसऱ्या आठवड्यात पहाटेची जाग थांबली.

झोप नीट लागते पण दिवसा मेंदू बधिर वाटतो, अशांसाठी रोडिओला. सायबेरिया, स्कँडिनेव्हियासारख्या थंड भागात वाढणारी वनस्पती आहे, युरोपच्या औषध नियामक संस्थेने ताणामुळे येणाऱ्या तात्पुरत्या थकव्यासाठी ती मान्य केलीये, पण ते वर्षानुवर्षांच्या वापरावरून, पक्क्या चाचण्यांवरून नाही. सकाळीच घ्यायची, संध्याकाळी घेतली तर झोप उडू शकते. जिनसेंग नावाच्या मुळीचंही तेच, त्यावर भरपूर कॉफी नको.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. झोप सुधारली तरी माझा थकवा अर्धाच गेला, जिना चढला की पाय भरून यायचे, मी मात्र सगळं टेन्शनवर ढकलत राहिले आणि शेवटी ब्लड टेस्ट केली तर फेरिटिन फक्त ८, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाच संपलेला, आणि हिमोग्लोबिन जेमतेम कमी होतं म्हणून आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं!! ते काही कुठल्या मुळीने भरून येणार नव्हतं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तेव्हा दोन-तीन महिन्यांत माणसात आले. म्हणून कळकळीने सांगते, आधी सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉईडची टेस्ट), व्हिटॅमिन बी१२, व्हिटॅमिन डी आणि शुगर तपासून घ्या. टीएसएच तर अश्वगंधा सुरू करायच्या आधीच करा कारण तिने थायरॉईडची हार्मोन्स वाढू शकतात आणि मग रिपोर्ट बघून गोंधळ होतो.

थायरॉईड, शुगर, बीपी किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने अश्वगंधा घेऊ नका, गरोदरपणात तर अजिबातच नको. क्वचित काही जणांना तिने लिव्हरला त्रास झालेला आहे, त्यामुळे डोळे पिवळे, लघवी गडद किंवा अंगाला खाज असं काही दिसलं तर लगेच बंद करून डॉक्टरकडे. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी जिनसेंग टाळावं. आणि ज्येष्ठमध निरुपद्रवी वाटतं पण रोज जास्त घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं, आणि पोटॅशियम कमी झालं की पुन्हा अशक्तपणाच.

पाच-सहा वनस्पती एकत्र असलेली कॅप्सूल घेऊ नका, कशाने फरक पडला आणि कशाने त्रास झाला तेच कळत नाही. एका वेळी एकच, आणि दोन महिन्यांत काही फरक नाही पडला तर बंद करा.