एफडी मोडून पार्किंगचे खांब मजबूत करायचे का?

कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र आलंय. इमारत १९९४ ची, खाली पार्किंग, वर चार मजले. स्ट्रक्चरल ऑडिटनंतर सोसायटी खांबांच्या जॅकेटिंगसाठी, म्हणजे जुन्या खांबांभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण घालण्यासाठी, घरटी ४ लाख मागते आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, दोन तृतीयांश मालमत्ता या फ्लॅटमध्येच आहे. ‘पुण्यात कुठे एवढा भूकंप होतो? एफडी तशीच ठेवू का?’

नमस्कार. माझ्या मते पैसे द्यावेत, पण अहवाल वाचून.

पुणे भूकंप क्षेत्र ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतं. १९६७ चा कोयनेचा धक्का इथेही जाणवला होता. २००१ मध्ये भूकंप भुजला झाला आणि दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत पार्किंगवर उभ्या इमारती कोसळल्या. वरच्या मजल्यांना भिंती धरून ठेवतात, खाली नुसते खांब. जमीन हलली की सगळा ताण त्या एका मजल्यावर येतो.

आमच्या सोसायटीत हे काम निघालं तेव्हा मी खाली जाऊन उभा राहिलो होतो. प्लास्टर फोडलं, तर उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा वीतभर अंतरावर, टोकं काटकोनात वळवून सोडलेली. हादऱ्यात वरचं काँक्रीट निघालं की ही टोकं उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात, हे इंजिनिअरने बोट ठेवून दाखवलं. म्हणूनच आता टोकं १३५ अंशांत आत वळवतात. त्या दिवसापासून माझ्या मनात शंका उरली नाही.

४ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला २८,००० व्याज, त्यातून कर. तुमची दोन तृतीयांश मालमत्ता मात्र याच फ्लॅटमध्ये आहे, आणि घरची माणसंही तिथेच झोपतात.

आधी सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीने साठवलेल्या निधीत, किती शिल्लक आहे ते विचारा. असं काम त्यातून करता येतं, म्हणजे तुमचा वाटा कमी होईल. पुनर्विकासाचा ठराव झाला असेल तर एवढा खर्च करू नका.

‘भारत गृह रक्षा’ विमा घ्याच, त्यात भूकंप धरलेला असतो. पण रक्कम बांधकाम खर्चाची असते, बाजारभावाची नाही. उदाहरणार्थ, ६५० चौरस फुटांना चौरस फुटामागे २,५०० रुपयांच्या दराने १६.२५ लाख.

वादळी वाऱ्याची शंका आली, तर एवढ्या उंचीच्या इमारतीला सहसा वाऱ्यापेक्षा भूकंपाचाच जोर जास्त धरावा लागतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचे बोल्ट मात्र तपासून घ्या.

अहवालात फक्त गंजलेल्या सळयांची डागडुजी आहे, की पार्किंगचा मजला भूकंपासाठी तपासलाय? सर्वसाधारण सभेत हे विचारा, उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि मगच चेक द्या.