पुढच्या वर्षाचे सायकल-उद्दिष्ट: चाळीस आठवड्यांचा हिशेब

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपले वय ६३ आहे आणि निवृत्तीला चार महिने झाले आहेत. यंदा आपली २,९०० किलोमीटर सायकल झाली, त्यांतले १,९०० किलोमीटर या चार महिन्यांतलेच आहेत. आजवरची सर्वांत लांब फेरी ४८ किलोमीटरची आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. पुढच्या वर्षी ५,००० किलोमीटर पूर्ण करावेत, एकदा तरी एका दिवसात १०० किलोमीटर जावे आणि ताशी १९ वर आलेला सरासरी वेग पुन्हा २२ वर न्यावा, असे आपल्या मनात आहे. शिवाय ई-सायकलवरचे अंतर या हिशेबात धरावे का, हेही आपण विचारले आहे. माझे मत असे की शंभराचे उद्दिष्ट जरूर ठेवावे, पाच हजारांचे बदलावे आणि वेगाचे सोडूनच द्यावे.

पाच हजारांचा आकडा आपल्याला माफक वाटतो, कारण गेल्या चार महिन्यांच्या गतीने, म्हणजे दरमहा ४७५ किलोमीटरने, वर्षाचे ५,७०० होतात. परंतु हे चार महिने नव्या मोकळेपणाचे होते. उत्साह ताजा होता आणि बहुधा आजारपण, घरातले कार्य, लांबचा प्रवास किंवा सलग खराब हवामान यांपैकी काहीही मध्ये आले नव्हते. पुढचे वर्ष इतके सरळ जाईल असे धरून चालणे म्हणजे कॅलेंडरवर विसंबणे होय. अकरा वर्षांच्या नोंदी चाळल्यावर मला दिसते की साठीनंतर माझ्या कोणत्याही वर्षात सायकलीचे आठवडे चाळीस-एक्केचाळीसच्या वर गेलेले नाहीत, आणि उरलेल्या आठवड्यांपैकी निम्मे तरी मी स्वतः ठरवून घेतलेल्या विश्रांतीचे नव्हते. म्हणून आता मी वर्ष ५२ आठवड्यांचे न धरता ४० आठवड्यांचेच धरतो. चाळीस आठवडे, आठवड्याला तीन फेऱ्या आणि सरासरी ३० किलोमीटर असा हिशेब केला तर ३,६०० किलोमीटर होतात, म्हणजे यंदापेक्षा सुमारे चोवीस टक्के अधिक. ५,००० म्हणजे बहात्तर टक्के अधिक. हृदय आणि फुप्फुसे ही वाढ कदाचित निभावून नेतील. स्नायुबंध आणि सांधे मात्र या वयात फार सावकाश जुळवून घेतात, आणि तक्रार आली तर ती बहुधा तिथूनच येते.

हे मी अनुभवाने शिकलो, आणि तो अनुभव थोडा सविस्तर सांगतो. बासष्टाव्या वर्षी मी वहीच्या पहिल्या पानावर ६,००० असा आकडा लिहिला होता आणि समासात ‘रोज १६.४’ अशी टीप केली होती. एप्रिलमध्ये सर्दी-खोकल्याने तीन आठवडे घालवले, पुढे घरातल्या एका आजारपणात मे महिना गेला. जूनअखेर माझे १,९५० किलोमीटर झाले होते आणि समासातली टीप खोडून मी ‘रोज २२’ असे लिहिले. त्या दिवसापासून मी सायकल चालवत नव्हतो, हप्ते फेडत होतो. विश्रांतीचा दिवस आला की थकबाकी वाढल्यासारखे वाटे, आणि दोन्ही दिशांना समोरून वारा असला तरी ठरलेले अंतर पुरे करूनच मी घरी येई. सप्टेंबरमध्ये एके सकाळी जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली सुई टोचल्यासारखे झाले. चढताना काहीच नाही, उतरताना मात्र प्रत्येक पायरीला. फिजिओथेरपिस्टने दोन कारणे सांगितली: सीट खाली होती, आणि आठवड्याचे अंतर मी सहा आठवड्यांत जवळजवळ दुप्पट केले होते. सात आठवडे सायकल भिंतीला टेकून राहिली. वर्षअखेर आकडा ४,३१० भरला. एरवी तो मला अभिमानाने सांगता आला असता. पण पहिल्या पानावरच्या ६,००० मुळे ते वर्ष नापास ठरले.

तेव्हापासून मी अंतर मोजतो, पण उद्दिष्ट दिवसांचे ठेवतो. आपणही तसेच करावे असे मी सुचवतो: वर्षात १२० दिवस, आणि किमान पाऊण तास सायकल चालवली की तो दिवस मोजला जावा. वार्‍याच्या किंवा चढाच्या दिवशी पाऊण तासात १२ किलोमीटर झाले तरी तो दिवस पूर्ण दिवस असतो, त्यामुळे थकलेल्या शरीराला ताणण्याचे कारण उरत नाही. शिवाय दिवस उसने घेऊन फेडता येत नाहीत. एका रविवारी ९० किलोमीटर करून मागची उणीव भरून काढण्याचा जो मोह किलोमीटरच्या हिशेबात असतो, त्याला येथे जागाच नाही.

अंतराचा आकडा नसेल तर चैन पडत नाही, हे मी जाणतो, कारण माझाही स्वभाव तसाच आहे. अशांसाठी एडिंग्टन अंक ही फार सुंदर सोय आहे. आर्थर एडिंग्टन (१८८२–१९४४) हे ब्रिटिश खगोलभौतिकशास्त्रज्ञ. १९१९ च्या सूर्यग्रहणात प्रकाशकिरण वाकतात हे दाखवणाऱ्या निरीक्षणांमुळे ते बहुतेकांना ठाऊक असतात, पण ते सायकलीचेही तितकेच नादी होते. त्यांची मोजणी अशी: आयुष्यात ज्या दिवशी किमान ‘क्ष’ अंतर चालवले असे दिवसही ‘क्ष’ इतके झाले, की ‘क्ष’ हा आपला अंक. त्यांचा अंक मैलांत ८४ होता, म्हणजे किमान ८४ मैलांचे ८४ दिवस. आपण किलोमीटरमध्ये मोजावे. या अंकाचे दोन गुण मला विशेष आवडतात. एक म्हणजे तो कधीच खाली येत नाही. वर्ष आजारपणात गेले तरी मिळवलेले मिळवलेलेच राहते. दुसरा गुण जरा खट्याळ आहे: ३० वरून ३१ वर जायचे तर नेमक्या ३० किलोमीटरच्या सगळ्या फेऱ्या मोजणीतून बाद होतात, त्यामुळे ठरलेल्या वळणावरून परत फिरण्याऐवजी माणूस आपोआप थोडा पुढे जाऊ लागतो. माझा अंक सध्या ६४ आहे. पुढच्या वर्षी तो ६७ करायचा आहे. ६७ किंवा अधिक किलोमीटरचे ५८ दिवस माझ्या खात्यात आहेत, म्हणजे अशा आणखी नऊ फेऱ्या हव्यात. वर्षाला नऊ लांब फेऱ्या हे मागणे एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला झेपण्यासारखे आहे. आपण जुन्या नोंदी काढून आपला अंक काढावा आणि त्यात तीन-चारांची भर हे दुय्यम उद्दिष्ट ठेवावे.

शंभर किलोमीटरचे उद्दिष्ट मी राखावे म्हणालो, कारण ते एका दिवसाचे आहे आणि त्याची तयारी पायरीपायरीने करता येते. आठवड्यातली एकच फेरी लांब ठेवावी, एक आठवडा सोडून तिच्यात सहा-सात किलोमीटर वाढवावेत आणि मधल्या आठवड्यात ती पुन्हा लहान करावी. ४८ वरून या गतीने अडीच-तीन महिन्यांत आपण ऐंशीच्या आसपास पोहोचाल. ज्याला ऐंशी आरामात जमले त्याला शंभर जमतात. शेवटचे वीस किलोमीटर पायांपेक्षा सीट, तळहात आणि मान यांची परीक्षा पाहतात. म्हणून तळहातांना मुंग्या येत असतील तर हँडल दोन-तीन सेंटिमीटर वर घेणे, थोडे रुंद टायर बसवणे आणि चढासाठी हलका गिअर असणे, ही कामे आधीच उरकावीत. पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रालाही ३४ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्याला चाकही एकच फेरा घेते, आणि गुडघ्यांवरचा भार पुष्कळ कमी होतो. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, तेव्हा तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी प्यावे. शंभर झाले की कोणी तरी आपल्याला २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीचा, आग्रह करील. तिची मर्यादा साडेतेरा तासांची असते आणि वयाची सवलत नसते; ते त्याच्या पुढच्या वर्षी पाहता येईल.

वेगाबद्दल मात्र मी ठाम आहे. सरासरी वेग वार्‍यावर, रहदारीवर, रस्त्याच्या पृष्ठभागावर आणि किती वेळा थांबावे लागले यांवर अवलंबून असतो, आणि त्याच्यामागे लागलेला माणूस सिग्नल पिवळा असताना घुसतो. आपली ताकद खरोखर वाढते आहे का हे पाहायचे असेल तर रहदारी नसलेला एकच चढ निवडावा आणि दीड महिन्याने एकदा, वारा नसताना, सारख्याच कष्टाने तो चढून वेळ नोंदवावा. कष्ट मोजण्यासाठी नाडीवर अवलंबून राहू नये. २२० वजा वय हे सूत्र आपल्या वयाला १५७ देते, २०८ मधून वयाचा सात दशांश वजा करण्याचे दुसरे सूत्र १६४ देते, आणि प्रत्यक्षातली कमाल नाडी या दोन्हींपासून दहा-बाराने इकडेतिकडे असू शकते. त्यातून रक्तदाबाची गोळी बीटा-ब्लॉकर वर्गातली असेल तर ती नाडीला फारसे वर जाऊ देत नाही, आणि नाडीवरून श्रम दाखवणारे घड्याळातले सगळे रंगीत पट्टे निरर्थक ठरतात. गोळी कोणती आहे हे डॉक्टरांना विचारावे, तयारी वाढवण्यापूर्वी हृदयाची तपासणीही करून घ्यावी, आणि रस्त्यावर बोलण्याची कसोटी वापरावी: पूर्ण वाक्ये बोलता येत असतील तर श्रम हलके, तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर श्रम जड. छातीत दाब, अनोळखी धाप, धडधड किंवा चक्कर जाणवली तर तेथेच थांबावे, आणि वेळ न दवडता वैद्यकीय मदत घ्यावी.

हलके आणि जड यांचे प्रमाण किती असावे, याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी २०१२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, तासाभरात २४.२५ किलोमीटर सायकल चालवली, आणि दोन वर्षांनी त्याच एका तासात २६.९२७ किलोमीटर. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी त्यांचा सराव आखून दिला होता: सुमारे ऐंशी टक्के हलका आणि वीस टक्के जड. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता या अवधीत सुमारे तेरा टक्क्यांनी वाढली. योगायोग असा की त्यांचे वर्षाचे अंतरही सुमारे ५,००० किलोमीटरच होते, पण ते एकाएकी झेप घेऊन तेथे गेले नव्हते. ते अपवादात्मक गृहस्थ होते हे खरेच. तरी आठवड्याच्या तीन फेऱ्यांपैकी दोन संपूर्ण हलक्या आणि तिसरीत चार-पाच मिनिटांचे दोन-तीन जोरदार टप्पे, एवढे त्यांच्याकडून आपण घेऊ शकतो.

आता आपण न विचारलेली एक गोष्ट, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. सहासष्टाव्या वर्षी मी पडलो, तो वेगात असताना किंवा उतारावर पडलो नाही. उभ्या सायकलवरून पडलो. चौकात थांबताना उजवा पाय टेकवला, बुटाखाली बारीक खडी होती, पाय वीतभर बाहेर सरकला आणि सायकलीसकट मी उजव्या कुशीवर आडवा झालो. टांग परत घेण्याइतकी चपळाई उरली नव्हती. मनगट सुजले, त्या मानाने थोडक्यात निभावले. वाढत्या वयातल्या बऱ्याच पडझडी अशाच टांग टाकताना, उतरताना किंवा अगदी मंद गतीत होतात. त्यामुळे माझ्या वहीत आता दर सोमवारी एक वेगळी नोंद असते: मोकळ्या जागेत दहा वेळा चढणे-उतरणे, दोन्ही बाजूंनी, सरळ रेषेत जाताना मागे वळून पाहणे, एक हात सोडून इशारा करणे, आणि घरी दात घासताना एका पायावर उभे राहणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे आणि तीन दिवस तोल व ताकदीच्या व्यायामांचे सांगितले आहेत. पहिला भाग सायकल भरून काढते, उरलेले दोन ती भरत नाही. शरीराचा भार सीटवर असल्यामुळे हाडांनाही तिच्याकडून फारसे बळ मिळत नाही. १२० दिवसांच्या उद्दिष्टाशेजारी ८० दिवस बळकटीचे, अशी दुसरी ओळ आपण लिहावी. त्या दोन ओळींतली एकच पुरी होणार असेल तर ही दुसरी व्हावी, असे मी म्हणेन. नियमित सायकल चालवणार्‍यांना हे रुचत नाही; मलाही रुचत नसे.

दर तीन महिन्यांनी उद्दिष्टांकडे पुन्हा पाहावे. वाढवायचे असेल तर एकच वाढवावे. कमी करायचे असेल तर कारण लिहिण्याचीही गरज नाही, नवा आकडा आणि तारीख पुरे.

ई-सायकलचे अंतर धरावे का, याचे उत्तर सोपे आहे. मोटर साहाय्य करते, पेडल आपणच मारतो, त्यामुळे १२० दिवसांच्या मोजणीत तो दिवस इतर दिवसांइतकाच पूर्ण असतो. गुडघा कुरकुरत असेल किंवा तरुण सोबत्यांबरोबर जायचे असेल तेव्हा मीही ती घेतो. वहीत त्या दिवसांपुढे एक लहान ‘ई’ लिहितो, आणि एडिंग्टन अंकात तेवढे ते धरत नाही.