झोप येत नाही, हा निद्रानाश आहे का? कसं ओळखायचं?

मोबाइल बघत रात्री १ वाजवणं म्हणजे निद्रानाश नव्हे, ते जागरण. निद्रानाशात झोपायला वेळ असतो, अंथरूण असतं, अंधारही असतो, फक्त झोप नसते. काहींचा पडल्यावर तासभर डोळा लागत नाही, काहींना मध्येच जाग येते, काही पहाटे ३-४ लाच टक्क जागे. असं आठवड्यातून किमान ३ रात्री, ३ महिने चाललं आणि दिवसही बिघडू लागला, तर तो जुनाट निद्रानाश.

हा दिवसाचा भाग लोक विसरतात. गॅसवर दूध ठेवून विसरणं, एकच ईमेल चारदा वाचणं, मुलांवर उगाच खेकसणं आणि संध्याकाळपासूनच ‘आज तरी लागेल ना?’ ही धास्ती. गंमत म्हणजे इतकं थकूनही दुपारी आडवं पडलं तरी अनेकांना डुलकी लागत नाही. उलट बसल्या बसल्या पेंग येत असेल आणि घरचे घोरण्याबद्दल ओरडत असतील, तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करा. तो झोपेत श्वास अधूनमधून थांबण्याचा, वेगळा आजार आहे, आणि गाडी चालवणाऱ्याने तर अजिबात टाळू नये.

मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. दोन आठवडे झोपेची नोंद लिहा आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जा. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नसून सीबीटी-आय ही वर्तनोपचार पद्धत मानतात.