कॅथेटरायझेशनमधील रक्तस्राव: कोणता कोड लावावा?

प्रश्न: मी पुण्यात अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींचे मेडिकल कोडिंग (निदाने आणि उपचार ठरावीक कोडमध्ये नोंदवणे) शिकत आहे. हृदयाच्या कॅथेटरायझेशनदरम्यान (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत बारीक नळी नेताना) रक्तवाहिनीला चुकून छिद्र पडून रक्तस्राव झाला, तर आय९७.४१० लावावा की आय९७.५१?
— एक वाचक

उत्तर: आपण वर्णन केलेल्या घटनेसाठी आय९७.५१ हाच कोड योग्य आहे. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या कोडच्या वर्गीकरणात आय९७.४१० हा कॅथेटरायझेशनदरम्यान झालेल्या रक्तस्रावासाठी आणि ऊतींमध्ये रक्त साकळण्यासाठी (हिमॅटोमा) आहे. मात्र तो रक्तस्राव अनवधानाने पडलेल्या छिद्रामुळे किंवा चिरेमुळे झाला असेल, तर त्या गटाखालील वर्ज्य-टीप (तो कोड कुठे लावू नये हे सांगणारी ‘एक्सक्लूड्स’ टीप) आपल्याला स्पष्टपणे आय९७.५१ कडे पाठवते, आणि ही टीप न वाचल्यामुळेच नवशिक्यांची गफलत होते.

याहून महत्त्वाची गोष्ट डॉक्टरांच्या नोंदीची आहे. प्रक्रियेदरम्यान घडलेली प्रत्येक गोष्ट गुंतागुंत ठरत नाही. प्रक्रिया आणि ती स्थिती यांत कार्यकारणसंबंध असल्याचे डॉक्टरांच्या नोंदीतून दिसले पाहिजे, शिवाय ती स्थिती वैद्यकीयदृष्ट्या लक्षणीय असली पाहिजे. नोंद संदिग्ध असेल, तर स्वतः तर्क न लढवता डॉक्टरांना लेखी विचारणा करावी, आणि त्या प्रश्नात अपेक्षित उत्तर सुचवू नये. अशा कोडमुळे रुग्णालयाच्या गुणवत्तेचे मोजमाप बदलू शकते, म्हणून येथे घाई मुळीच नको.

याच गटातील आणखी एक गुंतागुंत: हृदय शस्त्रक्रिया चालू असताना हृदयक्रिया बंद पडल्यास आय९७.७१० लागतो, परंतु बायपाससाठी मुद्दाम थांबवलेले हृदय त्यात मोडत नाही.