कडुनिंब की कडुलिंब?

प्रश्न असा आहे: या दोहोंत शुद्ध कोणता, ‘डु’ ऱ्हस्व का, आणि ‘ल’ आला कुठून?

दोन्ही शुद्ध. संस्कृत शब्द निम्ब. त्याचा ‘न’ प्राकृतातच ‘ल’ झाला होता; बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात निंबाचे ‘लिंब’ होते अशी खास नोंद आहे. तेव्हा ‘लिंब’ हा अडाणी अपभ्रंश मानणाऱ्यांनी नवनीताचे लोणी कसे झाले तेही पाहावे. उलट दिशेने लाङ्गलाचा नांगर झालाच आहे. बी मात्र बहुतेकांच्या तोंडी निंबोळीच. पाच टक्के निंबोळी अर्क फवारणारा शेतकरी झाडाला खुशाल लिंब म्हणतो.

‘कडू’ जोडावे लागते ते का? नुसते ‘लिंब’ पुरले असते, पण लिंबू आडवे येते. लिंबाचा पाला आणि लिंबाचे लोणचे: झाड लिंब आणि फळ लिंबू, दोघांचे सामान्यरूप ‘लिंबा-’च. शिवाय कढीलिंब ऊर्फ गोडनिंब आहेच. तो लिंबाच्या नव्हे, लिंबूच्या कुळातला. ‘कढुलिंब’ हे चुकीचे रूप बहुधा त्याच्याच ‘ढ’मुळे होते, कडुलिंबात ‘ड’च हवा.

‘कडू’ सुटा असताना ‘डू’ शेवटी येतो म्हणून दीर्घ. जोडशब्दात तो मध्ये जातो, उच्चारही आखूड होतो, म्हणून कडुनिंब. ‘कडू लिंब’ असे तोडून लिहिले तर वाचणाऱ्याला कडवट लिंबू वाटेल. ‘निं’, ‘लिं’ ऱ्हस्वच. फूल, पीठ यांच्यासारखा दीर्घ नाही, कारण अनुस्वार आहे (चिंच, सुंठ पाहा). ‘ब’च्या आधीचा हा अनुस्वार ‘म्’सारखा उच्चारायचा: कडुनिम्ब.

गंमत ‘कडू’ची. तो आला संस्कृत ‘कटु’वरून, पण आयुर्वेदात कटु रस म्हणजे तिखट: सुंठ, मिरी. निंबाचा रस तिथे तिक्त, म्हणजे मराठीतला कडू. म्हणजे संस्कृत जाणणाऱ्या वैद्याला ‘कटुनिंब’ म्हटले तर तो तिखट निंब शोधत बसेल.

औपचारिक लेखनात मी कडुनिंब लिहीन, कारण त्यात मूळ शब्द दिसतो. संवादात ज्याच्या तोंडी लिंब आहे त्याचा निंब करू नये. एकाच लेखात दोन्ही मिसळणे तेवढे टाळावे.