पेंचला शेवाळ जास्त, मग घाण पाणी कोणतं?

प्रश्न : मॅडम, आम्ही नंदनवनला राहतो, नाग नदी घरापासून पाच मिनिटांवर. मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या प्रकल्पासाठी तिने नदीतलं शेवाळ निवडलंय. नागच्या भिंतीला काळपट-निळी साय धरलेली दिसते. मागच्या रविवारी नवेगाव खैरीला पेंच नदीवर गेलो, तर तिथल्या दगडांवर त्याहून जास्त शेवाळ, हिरवं आणि तपकिरी. मग पेंचचं पाणी जास्त घाण समजायचं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही हो बाप्पा! पेंचच्याच पाण्यावर तर निम्म्याहून जास्त नागपूर जगतं. लेकीने शेवाळ किती आहे ते पाहिलं, कोणतं आहे ते पाहायचं राहिलं.

ती तपकिरी बुळबुळ बहुधा डायटम या सूक्ष्म शेवाळाची असावी. मराठीत त्यांना करंडक म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे : काचेसारख्या सिलिकाची डबी, वर झाकण, कुंकवाच्या करंड्यासारखी. हिरवं शेवाळ बोटांत चोळून बघा. साबणासारखं सटकलं तर स्पायरोगायरा असू शकतं. खरखरीत, फांद्या फुटलेलं असेल तर क्लॅडोफोरा. हे दुसरं खतं-सांडपाण्यातला फॉस्फरस मिळाला की फोफावतं, म्हणून नुसतं हिरवं दिसलं की पाणी चांगलं, असंही नाही.

नागची ती साय मात्र ऑसिलेटोरिया या निळ्या-हिरव्या शेवाळाची वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे हळूहळू डोलतात, नाव त्यावरूनच पडलं. सांडपाणी तिला मानवतं.

बाटलीतल्या पाण्याची तपासणी त्या घटकेचं सांगते. रात्री कुणी घाण सोडली आणि सकाळी ती वाहून गेली, की अहवाल चांगला. दगडाला चिकटलेल्या शेवाळाला पळता येत नाही. मागच्या काही आठवड्यांत जे आलं ते सगळं त्याने सोसलेलं असतं. म्हणून पावसाच्या लोंढ्यानंतर लगेच नमुना घेऊ नका, तेव्हा दगड धुऊन निघालेले असतात.

लेकीला शैवालतज्ज्ञ पामर यांचा 1969 चा निर्देशांक वापरता येईल. सेंद्रिय घाण सोसणाऱ्या शेवाळांच्या 20 प्रजातींना (एकेका प्रजातीत अनेक जाती येतात) त्यांनी गुण दिले : युग्लिना 5, ऑसिलेटोरिया 5, क्लॅमिडोमोनास 4, सिनेडेस्मस 4, नित्झशिया 3. एवढ्या पाच भरपूर सापडल्या तरी बेरीज 21. बेरीज 20 किंवा त्याहून जास्त म्हणजे पाण्यात सेंद्रिय घाण भरपूर. पद्धत ढोबळच आहे, कारण नित्झशियाच्या काही जाती स्वच्छ पाण्यातही राहतात. नववीला तेवढं पुरे. आणि हो, पाणी पिण्याजोगं आहे का, हे यावरून ठरवू नका. त्याला जंतूंची तपासणीच लागते.

जुन्या टूथब्रशने दगड खरवडा, नागजवळ हातमोजे घाला. युग्लिना जिवंतच पाहा. नमुना टिकवायला फॉर्मलिन घातलं की आकसते आणि ओळखू येत नाही. बाटली अर्धीच भरा, सावलीत ठेवा. माझ्या पहिल्या वर्षी मी मे महिन्यात गळ्यापर्यंत भरलेल्या बाटल्या बूच घट्ट लावून स्कूटरच्या डिकीत दुपारभर ठेवल्या होत्या. प्रयोगशाळेत झाकण काढलं, तर शिपाईदादा दारातूनच म्हणाले, ‘काय मेलं जी मॅडम याच्यात?’