कोलोरॅडोत लांबून हरीण मारायला दीड हजार डॉलरच्या आत कोणती रायफल घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की डेन्व्हरला राहता, एच-१बी वर आहात, ऑफिसातल्या मित्राबरोबर पुढच्या ऑक्टोबरात म्यूल डीअरच्या शिकारीला जायचंय. मित्र म्हणतो तिकडे ५०० यार्डांवरून मारावं लागतं. आणि दुर्बिणीसकट सगळा खर्च दीड हजारात बसवायचाय.

नाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. रूगर अमेरिकन, जनरेशन टू, ६.५ क्रीडमोर काडतुसाची. साधारण सहाशे डॉलरला मिळते. ती नाही मिळाली तर सॅव्हेज ११०. दीड-दोनशे जास्त टाकायची तयारी असेल तर फिनलंडची टिक्का टी३एक्स लाइट. यातल्या कुठल्याही रायफलीमुळे तुमचा नेम चुकणार नाही. चुकलाच तर दुसऱ्या कशाने तरी चुकेल, आणि माझं बरंचसं उत्तर त्याबद्दलच आहे.

पण त्याआधी व्हिसा. तुमचा मित्र इथलाच असेल तर त्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. नुसतं विकत घेणं नव्हे, मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंसुद्धा त्यात येतं. याला थोडे अपवाद आहेत आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे इथल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. मी एच-१बी वर होतो तेव्हा आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (१ जानेवारी १९४९ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत तो लागतो), मग स्मॉल गेमचा, म्हणजे सशा-खारींचा वार्षिक परवाना काढला आणि तो खिशात आल्यावरच पहिल्यांदा रायफलीला हात लावला. हरणाचा परवाना सोडतीत निघतो, अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत भरायचे असतात, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. स्मॉल गेमचा परवाना सोडतीशिवाय मिळतो. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना परवाना आणि आय-९४ चा (अमेरिकेत आल्याच्या नोंदीचा) नंबर दोन्ही दाखवावे लागतात. हा परवाना मार्चअखेर संपतो. नवा काढायला चार दिवस उशीर झाला तर त्या चार दिवसांत कपाटात पडून असलेली रायफलही गुन्हा ठरते, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तसला गुन्हा परवडत नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच. शंभर-दोनशे डॉलर जातील, जाऊ द्या.

राज्याचे नियमही आहेत: वय २१ पूर्ण हवं, दुकानदाराने तुमची पार्श्वभूमी तपासायला घेतल्यापासून किमान तीन दिवस थांबावं लागतं, आणि एप्रिल २०२५ पासून बंदूक-काडतुसांवर साडेसहा टक्के जादा कर लागू झालाय. तो कायद्याने दुकानदारावर आहे, पण शेवटी आपल्याच बिलात येतो.

आता रायफल. पूर्वी स्वस्त रायफल म्हणजे दगडासारखा जड ट्रिगर आणि नशिबावर सोडलेला नेम असं समीकरण होतं. सॅव्हेजने हलका करता येणारा ट्रिगर साध्या रायफलींत आणला, मग बाकीच्यांनाही आणावा लागला. आज सहाशे डॉलरची रूगर चांगल्या काडतुसांनी १०० यार्डांवर तीन गोळ्या एका इंचाच्या आसपास घालते. तेच ४०० यार्डांवर चार इंच होतं. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा आठ-दहा इंचांची असते. म्हणजे यंत्राकडे तुमच्या गरजेपेक्षा जास्त अचूकता आधीच आहे. टिक्काचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) तुपातून सुरी फिरावी तसा सरकतो, रूगरचा जरा खरखरतो, दस्ता प्लॅस्टिकचा आणि पोकळ वाटतो. हरणाला त्याने काही फरक पडत नाही. आणखी स्वस्तात सॅव्हेजची अ‍ॅक्सिस आहे. (अ‍ॅक्सिस हे इंग्रजीत आपल्या चितळाचंही नाव. टेक्सासात १९३०च्या दशकात आणून सोडलेली चितळं आज तिथे हजारोंनी मोकाट फिरतात, ते बघून आपल्याला फार चमत्कारिक वाटतं.) अ‍ॅक्सिस वाईट नाही, पण दीडशे-दोनशे डॉलर वाचवून दस्ता आणखी हलका, लवचिक घेण्यापेक्षा रूगर बरी.

काडतुसाबद्दल दुकानात तुम्हाला कोणीतरी .३०० विंचेस्टर मॅग्नम गळ्यात मारायला बघेल. लांबचं मारायचंय ना, मग मोठंच घ्या, असं. नका घेऊ. तिचा धक्का ६.५ क्रीडमोरच्या जवळजवळ दुप्पट असतो. नव्या माणसाच्या खांद्याला तो एकदा कळला की पुढच्या बाराला डोळा आपोआप मिटतो, चाप ओढण्याऐवजी हिसकला जातो आणि ही सवय मोडायला वर्षं लागतात. ६.५ क्रीडमोर हॉर्नाडी कंपनीने २००७ साली कागदी लक्ष्यांच्या स्पर्धेसाठी काढलं. गोळी लांब, बारीक, त्यामुळे वारा तिला कमी ढकलतो. १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी ५०० यार्डांवरही हजार फूट-पौंडांच्या वर जोर धरून असते. कोलोरॅडोचा नियम हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, ७० ग्रेनची, लागल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड असा आहे. त्यात हे आरामात बसतं. तुमच्या मित्राकडे .३०८ काडतुसाची रायफल असेल तर तुम्हीही तीच घ्या, एका डब्यातली काडतुसं दोघांना चालतील. ४०० यार्डांपर्यंत दोघींत वाद घालण्याइतका फरक नाही.

पैशांचा हिशेब मी असा करीन. सहाशे रायफल. साडेतीनशेच्या आसपास स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण: ल्यूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४० किंवा व्होर्टेक्सच्या डायमंडबॅकपैकी एखादा. चोवीस-पंचवीस पटीच्या मोठ्या दुर्बिणीच्या मोहात पडू नका, सकाळच्या अंधुक उजेडात तिच्यातून काळोख दिसतो आणि हरीण सापडत नाही. पन्नास डॉलर स्कोप रायफलीवर पकडून ठेवणारे बेस आणि रिंगा. दोनशे लेझर रेंजफाइंडर, आणि हा ऐच्छिक नाही, डोळ्यांनी अंतराचा अंदाज उघड्या माळावर हमखास फसतो. कर सोडून उरलेले सगळे पैसे काडतुसांना. ही वाटणी लोक उलटी करतात, हजाराची रायफल घेतात, तिच्यावर शंभराची दुर्बीण चढवतात आणि वर्षाकाठी एक डबा, म्हणजे वीस गोळ्या मारतात.

स्कोप स्वतः बसवा. माझा पहिला स्कोप मी एका दुकानात बसवून घेतला होता. पहिल्या दिवशी नेम बरोबर लागला, तिसऱ्या खेपेला गोळ्या चार इंच डावीकडे जायला लागल्या. मी दोन महिने स्वतःलाच दोष देत होतो, रेंजवर डबेच्या डबे संपवले. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थाने नुसता हात लावून बघितलं: मागच्या रिंगचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते. चाळीस-पन्नास डॉलरचा टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच स्क्रू आवळणारा पाना) घ्या, रिंगचे स्क्रू १५ ते १८ इंच-पौंडांवर आवळा आणि स्क्रूच्या डोक्यापासून रिंगेवर नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की समजायचं काहीतरी हललंय.

आता ते ५०० यार्ड.

माझा दुसरा सीझन. कोलोरॅडोच्या वायव्येला क्रेग गावाच्या पलीकडे, सेजब्रशच्या झुडपांचा माळ, सकाळी नऊच्या सुमाराचं ऊन. म्यूल डीअरची एक सवय असते, बिचकलं की स्प्रिंगसारखं चारी पायांवर उड्या मारत जातं आणि टेकाडावर पोचलं की थांबून मागे वळून बघतं. ते खेचरासारखे मोठे कान आपल्याकडे रोखलेले असतात. हा नर तसाच थांबला. रेंजफाइंडरने ४३० यार्ड दाखवले. माझ्याकडे तक्ता होता: २०० यार्डांवर झिरो केलेली, म्हणजे तिथे बरोबर नेमावर लागेल असा स्कोप लावलेली, गोळी ३०० ला साधारण ८ इंच खाली येते, ४०० ला २२-२३, ५०० ला ४५ च्या जवळपास. ते सगळं मी स्कोपवर बरोबर फिरवलं. माझ्या गालाला वारा लागत नव्हता, म्हणून वाऱ्याचं काही धरलं नाही. मधे एक ओढ्याची घळ होती आणि घळीतून वारा आडवा वाहत होता. घळीच्या काठचं वाळलं गवत वाकलेलं मला दिसतही होतं. ताशी दहा मैलांचा आडवा वारा एवढ्या अंतरावर ही गोळी दहा-बारा इंच बाजूला नेतो.

बार झाला आणि हरीण पाठ वाकवून, कमान करून उभं राहिलं. पोटात लागलेलं जनावर तसं उभं राहतं. मग ते हळूहळू चालत टेकाडापलीकडे गेलं. तिथे पोचल्यावर दगडावर रक्त सापडलं, त्यात हिरवट, अर्धवट पचलेला पाला. तेव्हा पोटात गोळा आला माझ्या. काही तास थांबून माग काढत गेलो, दर वीस-तीस पावलांवर एखादा थेंब, झुडपाखाली बसल्याची खूण, पुन्हा थेंब. अंधार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅगपाय पक्षी गोळा झाले होते त्यावरून सापडलं. कोल्ह्यांनी मागून खाल्लेलं, उरलेल्या मांसाला वास. माझा परवाना त्याच्या शिंगाला बांधला, सीझन तिथेच संपला. ते जनावर रात्रभर जिवंत असणार, हे मला अजून सोडत नाही.

४०० यार्ड जायला गोळीला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात हरीण एक पाऊल टाकतं. तुमचा तक्ता, रायफल, दुर्बीण सगळं बिनचूक असलं तरी ते पाऊल तुमच्या हातात नाही.

माझ्या आजोबांकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एक ठासणीची बंदूक होती. रानडुकरं नाचणी आडवी करायची. एक बार काढला की पुन्हा दारू भरून ठासेपर्यंत डुक्कर घाटावर पोचायचं, म्हणून ते बांधाला पोटावर पडून दोन-दोन तास वारा बघत बसायचे. वारा फिरला की उठून घरी यायचे, बार न काढता. (१९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे भारतात हरणाची शिकार गुन्हा आहे, हे उत्तर तिथल्या कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी.) त्या माळावर मी आजोबांसारखं घळीतून वाकून गेलो असतो तर १८० यार्डांवर पोचलो असतो. नंतर मी ते अंतर चालून बघितलं. खरंच वाट होती.

तेव्हा जूनमध्येच रायफल घ्या आणि उन्हाळा रेंजवर घालवा. बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून फक्त झिरो करायचा, २०० यार्डांवर. त्यानंतर बाक सोडा. नऊ इंची कागदी प्लेट लावा आणि शिकारीत बसाल तसे बसा, बॅकपॅकवर रायफल टेकवून, गुडघ्यावर, शूटिंग स्टिकवर. धाप लागलेली असू दे, शंभर पावलं पळून या. थंड नळीने पहिली गोळी, तीच मोजायची. दर रविवारी एकच अशी गोळी आणि तारीख, अंतर, वारा, लागली की नाही हे वहीत. दहापैकी दहा पहिल्या गोळ्या प्लेटमध्ये जातात ते अंतर तुमचं. बहुतेकांचं पहिल्या वर्षी २००-२५० यार्ड येतं, आणि म्यूल डीअरला तेवढं पुरतं, तुमचा मित्र काहीही म्हणो. सरावाला स्वस्त काडतुसं चालतील, पण शेवटचे दोन महिने शिकारीच्याच डब्यातली वापरा, दोन्हींचा नेम एका जागी लागत नाही. डेन्व्हरपेक्षा दोन-तीन हजार फूट उंच जाणार असाल तर तिथे पोचल्यावर एक गोळी कागदावर मारून खात्री करून घ्या.

नारिंगी जाकीट आणि टोपी विसरू नका, कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी सक्तीचं आहे. आणि हरीण मिळालं तर डोकं क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या (हरणांचा मेंदूचा जीवघेणा रोग) तपासणीला द्या. हा रोग पहिल्यांदा १९६७ साली इथल्याच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत दिसला होता. निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्येच राहू द्या. मग मंद आचेवर, काळ्या मसाल्यात, तेल जरा सढळ हाताने घालून. या मांसाला स्वतःची चरबी फारशी नसते.

माझ्या रायफलीच्या दस्त्यावर, गाल टेकतो त्याच्या जरा पुढे, पांढऱ्या टेपचा तुकडा आहे. त्यावर दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी वहीत बघून आकडा लिहितो. यंदा ३१० आहे. गेल्या वर्षी ३४० होता, खांदा दुखत होता म्हणून सराव कमी झाला.